भूत दिसत नाही, इलेक्ट्रॉनही दिसत नाही : कॅथोड किरणांची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग एका प्रश्नातून निघालाय. कराडहून दहावीतल्या एका मुलीनं विचारलंय : "दादा, आमच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यक्रम झाला. पुरावा असल्याशिवाय काही मानायचं नाही असं त्यांनी सांगितलं. भूत कुणी पाहिलं नाही, म्हणून मानायचं नाही. पण मग इलेक्ट्रॉन तरी कुणी पाहिलाय? तो का मानायचा?"

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. आणि तो आपल्या भागातून यावा हेही बरोबरच. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. 'पुरावा काय?' हे विचारायची सवय त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या दोन पिढ्यांना लावली. आता तोच प्रश्न विज्ञानाला विचारला, तर विज्ञानानं चिडून चालणार नाही. 'पुस्तकात दिलंय म्हणून मान' असं उत्तर आपण दिलं, तर 'पोथीत दिलंय म्हणून मान' यापेक्षा ते काय वेगळं झालं?

म्हणून आज व्याख्या सांगणार नाही. इलेक्ट्रॉन सापडला कसा, तो नाकारायचा प्रयत्न कुणी केला आणि तरीही तो का टिकला, ते सांगतो. शेवटी ठरवा तुम्हीच.

काचेची नळी आणि हिरवा उजेड

एक काचेची बंद नळी घ्या. दोन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या बसवा. एक पट्टी विजेच्या धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला. ऋण टोकाच्या पट्टीला कॅथोड म्हणतात, शाळेच्या भाषेत ऋणाग्र. आता नळीतली हवा पंपानं काढत जायची आणि काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा.

हवा पुरती असते तोवर ठिणगी सोडून काही घडत नाही. हवा विरळ झाली की नळी रंगीत उजेडानं भरते. अजून हवा काढली की तो रंग विरतो, आत अंधार होतो आणि कॅथोडच्या समोरच्या बाजूची काच हिरवट चमकायला लागते.

हे दिसायला आधी चांगला पंप हवा होता. जर्मनीतल्या बॉन शहरात हाइनरिश गायस्लर नावाचा काचकारागीर होता. त्यानं १८५७ च्या सुमारास पाऱ्यावर चालणारा पंप बनवला आणि या नळ्या शक्य झाल्या. त्याच शहरातल्या युलियस प्लुकर या प्राध्यापकाला दिसलं, की नळीजवळ लोहचुंबक नेला की हिरवा उजेड जागा बदलतो. प्लुकरचा विद्यार्थी हिटॉर्फ यानं १८६९ मध्ये कॅथोडसमोर वस्तू ठेवली, तर पलीकडच्या काचेवर तिची सावली पडली. सावली पडते म्हणजे कॅथोडकडून काहीतरी सरळ रेषेत येतंय. १८७६ मध्ये गोल्डश्टाइननं त्याला नाव दिलं : कॅथोड किरण.

लक्षात घ्या, नाव मिळालं म्हणजे वस्तू कळली असं नाही. पुढची वीस वर्षं भांडण चाललं ते यावरच, की हे आहे तरी काय.

लाट की कण?

जर्मनीतले बरेच शास्त्रज्ञ म्हणत, ही प्रकाशासारखी लाट आहे. इंग्लंडमधले म्हणत, हे विद्युतभार असलेले कण आहेत. दोघांकडेही पुरावा होता.

कणवाल्यांचा पुरावा म्हणजे चुंबक. चुंबक प्रकाशाला वळवत नाही, या किरणांना वळवतो.

लाटवाल्यांचा पुरावाही तगडा होता. हाइनरिश हर्ट्झ, ज्याचं नाव आज आपण रेडिओच्या 'मेगाहर्ट्झ'मध्ये घेतो, त्यानं १८८३ मध्ये तपासलं. किरण भारित कण असतील तर दोन भारित पट्ट्यांमधून जाताना ते धन पट्टीकडे झुकायला हवेत. त्यानं करून पाहिलं. किरण झुकले नाहीत. पुढे १८९२ मध्ये त्याला दिसलं, की किरण धातूच्या पातळ वर्खातून आरपार जातात. वर्खाला भोक नव्हतं. त्या काळी सगळ्यात लहान कण म्हणजे अणू, आणि अणू धातूतून आरपार कसा जाईल? म्हणजे लाटच! त्याचा सहाय्यक फिलिप लेनार्ड यानं तर नळीला ॲल्युमिनियमच्या वर्खाची खिडकी बसवली आणि किरण नळीबाहेर हवेत काढून दाखवले.

तुम्ही १८९४ मध्ये असता तर कुणाच्या बाजूनं गेला असता? मी बहुतेक लाटवाल्यांच्या.

क्रूक्सचं चक्र आणि क्रूक्सची भुतं

आता या गोष्टीतलं सगळ्यात मजेशीर पात्र. विल्यम क्रूक्स, लंडनचा. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारा, हाताचा अतिशय पक्का प्रयोगकार. १८७९ मध्ये त्यानं कॅथोड किरणांचे देखणे प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवले. धातूच्या क्रूसाची सावली पाडली. आणि नळीत काचेच्या रुळांवर एक हलकं चक्र ठेवलं. किरण पात्यांवर पडले की चक्र गडगडत पुढे जायचं. आपल्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्यानं पवनचक्क्या फिरतात, तसंच काहीसं. म्हणजे किरण म्हणजे कणांचा मारा, असं क्रूक्सचं म्हणणं.

इथं परीक्षार्थींनी कान टवकारा. 'चक्र फिरतं, म्हणून कॅथोड किरणांना वस्तुमान असतं' हे वाक्य आजही अनेक गाइडांत आणि नोट्समध्ये सापडतं. किरणांना वस्तुमान असतं हे खरं आहे. पण चक्र फिरतं ते त्यांच्या धक्क्यानं नाही. किरणांचा मारा बसलेली पात्याची बाजू तापते, नळीत उरलेला थोडासा वायू त्या तापलेल्या बाजूकडून जास्त ढकलतो, आणि चक्र फिरतं. किरणांचा थेट धक्का त्यासाठी फारच कमी पडतो, हे पुढे १९०३ मध्ये खुद्द जे. जे. थॉमसननं हिशेब करून सांगितलं. निष्कर्ष बरोबर, पण कारण चुकीचं.

आणि क्रूक्सची दुसरी बाजू. हाच माणूस १८७० च्या दशकात लंडनमधल्या आत्मे बोलावण्याच्या बैठकांना जायचा. फ्लॉरेन्स कुक नावाची तरुण मुलगी पडद्यामागे बसायची, खोलीत मंद उजेड, आणि थोड्या वेळानं पांढऱ्या कपड्यात 'केटी किंग' नावाचा आत्मा बाहेर यायचा. क्रूक्सनं तो खरा असल्याचं जाहीर लिहिलं. पुढे १८८० मध्ये एका बैठकीत लोकांनी फ्लॉरेन्सच्या अशाच एका 'आत्म्या'ला घट्ट धरलं, तर ती स्वतः फ्लॉरेन्सच निघाली. क्रूक्सचा विश्वास तरी उडाला नाही. १८९७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इलेक्ट्रॉन सापडला त्याच वर्षी, तो आत्म्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष होता.

म्हणजे बघा, भूत आणि कॅथोड किरण दोन्ही एकाच माणसाच्या अभ्यासाचे विषय होते. माणूस तोच, हुशारी तीच. मग एक टिकलं आणि दुसरं का नाही? हा धागा हातात धरून ठेवा.

एसटी आणि धुरळा

१८९५ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ पेरँ यानं कॅथोड किरण धातूच्या एका पेल्यात पकडले. पेल्यात ऋणभार जमा झाला. कणवाले खूश.

पण लाटवाल्यांनी चांगली शंका काढली. कच्च्या रस्त्यानं एसटी गेली की मागून धुरळा येतो. धुरळा अंगावर आला म्हणून धुरळा म्हणजे एसटी होत नाही. तसं, किरण वेगळे असतील आणि भार नुसता त्यांच्यासोबत येत असेल.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसननं ही शंका खोडायचं ठरवलं. त्यानं पेला किरणांच्या सरळ वाटेवर ठेवलाच नाही, बाजूला ठेवला. चुंबक नसताना किरण समोर पडायचे, आणि पेल्यात भार जवळपास शून्य. चुंबकानं किरण हळूहळू वळवत आणले. हिरवा ठिपका पेल्याच्या फटीवर आला, त्याच क्षणी भार भराभर वाढला. अजून वळवून ठिपका पुढे सरकवला की भार येणं बंद. एसटी जिकडे वळते तिकडेच धुरळा वळतो, तिच्या पुढे नाही की मागे नाही, तर मग त्यांना वेगळं म्हणायला जागा उरत नाही.

हर्ट्झ कुठे अडकला

तरी हर्ट्झचा प्रयोग उरलाच होता. भारित पट्ट्यांमधून किरण का झुकले नाहीत?

थॉमसननं तो प्रयोग पुन्हा केला, आणि सुरुवातीला त्यालाही टिकाऊ झुकाव दिसला नाही. पण त्याला एक संशय आला. नळीत थोडा वायू उरलेला असतो. किरण जाताना तो वायू विजेचा वाहक बनतो. मग वायूतले भारित कण पट्ट्यांवर जाऊन बसतात आणि पट्ट्यांची ओढ मधे पोचूच देत नाहीत. म्हणजे दोष किरणांचा नाही, अपुऱ्या पोकळीचा.

उपाय एकच, अजून हवा काढा. इथं एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं : एबेनीझर एव्हरेट, थॉमसनचा सहाय्यक. थॉमसन डोक्यानं तल्लख, पण हातानं इतका धांदरट की नाजूक उपकरणांपासून त्याला लांबच ठेवलेलं बरं, असं सहकाऱ्यांना वाटायचं. नळ्या फुंकून बनवायच्या, जोडायच्या, पोकळी करायची, हे सगळं एव्हरेटच्या हातचं. पोकळी पुरेशी झाली, आणि किरण धन पट्टीकडे झुकले. हर्ट्झ तोवर हयात नव्हता. १८९४ मध्येच, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला.

नेमकं मोजलं काय?

पुस्तकात 'थॉमसनने इलेक्ट्रॉनचा शोध लावला' एवढंच एक वाक्य असतं. त्यानं केलेलं मोजमाप मात्र तुम्हाला समजण्यासारखं आहे.

सांगलीला कृष्णेतून होडी पलीकडे न्यायची आहे. पाण्याची ओढ होडीला खाली नेते, म्हणून नावाडी तेवढाच जोर उलट्या बाजूला लावतो. दोन्ही जोर सारखे झाले की होडी बरोबर समोरच्या घाटाला लागते.

थॉमसननं हेच केलं. विजेच्या पट्ट्या किरणांना एका बाजूला ओढतात, चुंबक दुसऱ्या बाजूला. चुंबकाचा जोर असा जुळवायचा की ठिपका परत मधोमध येईल. आता गंमत अशी, की विजेची ओढ कणाच्या वेगावर अवलंबून नसते, चुंबकाची असते. म्हणून दोन्ही ओढी समान होतात त्या क्षणी कणाचा वेग कळतो : विजेचं क्षेत्र भागिले चुंबकाचं क्षेत्र. कणाचा भार माहीत असायची गरजच नाही.

वेग निघाला सेकंदाला २५ ते ३० हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. सातारा ते सांगली अंतर सव्वाशे किलोमीटर धरलं, तर सेकंदाच्या दोनशेव्या भागात पोच!

दुसरी पायरी. चुंबक बंद करायचा आणि नुसत्या पट्ट्यांनी ठिपका किती सरकतो ते मोजायचं. कड्यावरून आडवा दगड फेकला, त्याचा वेग माहीत असला, तर तो किती खाली पडला यावरून त्याला खाली ओढणारा प्रवेग काढता येतो. तसंच इथं. त्या प्रवेगावरून कणाचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर निघतं.

हे गुणोत्तर हायड्रोजनच्या आयनासाठी आधीच माहीत होतं. कॅथोड किरणांचं आलं त्याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त. आजचा नेमका आकडा १८३६ पट.

याचे दोन अर्थ निघतात. एक तर कणाचा भार खूप मोठा आहे, नाहीतर वस्तुमान खूपच लहान. इथं थॉमसननं विरोधी पक्षाचाच पुरावा आपल्या बाजूला वळवला. लेनार्डचे किरण हवेत अर्धा सेंटिमीटर गेल्यावर निम्मे होत. हवेचा रेणू मात्र दुसऱ्या रेणूला न धडकता सेंटिमीटरच्या लाखाव्या भागाएवढाच जाऊ शकतो. गर्दीतून इतकं लांब जाणारा कण रेणूपेक्षा खूप बारीक असणार. वर्खातून तो आरपार का जातो, त्याचंही उत्तर हेच. लाटवाल्यांची निरीक्षणं अचूक होती. 'अणूपेक्षा लहान काही असूच शकत नाही' हे गृहीत तेवढं चुकीचं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नळीत हवा असो, हायड्रोजन असो की कार्बन डायऑक्साइड, कॅथोड ॲल्युमिनियमचा असो की प्लॅटिनमचा, आकडा साधारण तोच. म्हणजे हा कण कुठल्या एका पदार्थाचा नाही, सगळ्याच पदार्थांच्या आत तो आहे.

३० एप्रिल १८९७ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये थॉमसननं हे जाहीर सांगितलं, सविस्तर लेख त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छापून आला. आपल्याकडे ते वर्ष पुण्यातल्या प्लेगचं. थॉमसननं कणाला 'कॉर्पसल' म्हटलं. 'इलेक्ट्रॉन' हा शब्द स्टोनीनं १८९१ मध्येच काढला होता, पण थॉमसन कितीतरी वर्षं तो वापरायलाच तयार नव्हता. भाषण ऐकणाऱ्यांपैकी एका मान्यवराला तर वाटलं की हा आपली चेष्टा करतोय.

एकट्या थॉमसनचंच हे काम होतं असंही नाही. जर्मनीत काउफमननं त्याच वर्षी हे गुणोत्तर जास्त अचूक मोजलं, पण त्यातून कणाचा दावा केला नाही. वीशर्टनं जानेवारी १८९७ मध्येच हलक्या कणांबद्दल सांगितलं होतं. हा कण प्रत्येक अणूचा भाग आहे, असं ठामपणे म्हणण्याचं धाडस थॉमसननं केलं.

कंदी पेढा आणि तासगावचे बेदाणे

अणूतून ऋणभारित कण निघतात. पण अणू स्वतः तर उदासीन असतो. मग धनभार कुठे आहे? थॉमसनची कल्पना अशी, की धनभार सगळ्या अणूभर पसरलेला आहे आणि इलेक्ट्रॉन त्यात ठिकठिकाणी आहेत. यालाच पुस्तकात प्लम पुडिंग प्रारूप म्हणतात. हे नाव थॉमसननं दिलेलं नाही, आणि त्या इंग्रजी पदार्थातले 'प्लम' म्हणजे खरं तर बेदाणे. मग आपल्याला पुडिंग कशाला हवं? साताऱ्याचा कंदी पेढा घ्या, त्यात तासगावचे बेदाणे खोचा. झालं थॉमसनचं प्रारूप.

१९११ मध्ये रदरफर्डनं ते मोडलं. धनभार मधोमध एका चिमुकल्या केंद्रकात असतो, हे त्यानं दाखवलं. पेढा गेला. बेदाणा मात्र राहिला!

तुमच्या घरातली नळी, मिरजेतली नळी

१८९७ मध्येच फर्डिनांड ब्राउननं कॅथोड किरणांचा ठिपका पडद्यावर हवा तसा हलवणारी नळी बनवली. तिचीच नात म्हणजे आपला जुना टीव्ही. १९८७ साली रविवारी सकाळी ज्या डब्यासमोर गाव गोळा होऊन रामायण बघायचं, त्यात मागच्या बाजूनं इलेक्ट्रॉनचा झोत यायचा आणि सेकंदाला १५,६२५ ओळी काढायचा. रंगीत टीव्हीजवळ स्पीकर ठेवला की पडद्यावर जांभळे-हिरवे डाग पडायचे, आठवतंय? स्पीकरमधला चुंबक झोत वळवत होता. प्लुकरचा प्रयोग तुम्ही घरीच केला होता.

डबे गेले, कॅथोड किरण गेले नाहीत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय उभं केलं १८९४ मध्ये, आणि रंटगेनला कॅथोड किरणांच्या नळीतून क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. आज मिरजेत छातीचा एक्स-रे काढता तेव्हा यंत्रातल्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत टंगस्टनवर आदळत असतो. त्यातली जवळपास ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेल्या टक्काभरातून तुमची फिल्म निघते.

दोन इशारे. एक, माळ्यावरचा जुना टीव्ही फोडू नका आणि पोरांना फोडू देऊ नका. नळीत पोकळी असते, काच आतल्या बाजूला कोसळून उडते. मागच्या काचेत शिसं असतं, तेही किलोच्या मापात. बंद संचातही वीज साठलेली असू शकते. तो नोंदणीकृत ई-कचरा संकलनातच द्या. दोन, शाळेच्या कपाटात जुनी डिस्चार्ज नळी असेल तर ती शिक्षकांशिवाय चालवू नका. जास्त व्होल्टला तिच्यातूनही क्ष-किरण निघतात.

तर मग, भूत आणि इलेक्ट्रॉन

आता त्या प्रश्नाकडे येऊ. 'दिसत नाही' हा मुद्दा दोघांनाही लागू आहे. फरक दुसरीकडे आहे.

पहिला फरक, इलेक्ट्रॉन सांगेल तसा वागतो. पट्टीचा भार उलटा केला की झुकाव उलटा. चुंबक दुप्पट केला तर परिणाम किती वाढेल, हे आधी सांगता येतं आणि मग तपासता येतं. केटी किंग मात्र मंद उजेडातच यायची, आणि अटी तिच्याच चालायच्या.

दुसरा फरक, तो कुणाच्याही हाती लागतो. लाटवाल्यांच्या प्रयोगशाळेतही तोच आकडा आला, ज्यांना तो कण नको होता त्यांच्याकडेही.

तिसरा, माझ्या मते सगळ्यात मोठा. वेगवेगळ्या वाटांनी गेलं तरी माणूस एकाच दारात पोचतो. १८९६ मध्ये झीमननं चुंबकात ठेवलेल्या ज्योतीच्या प्रकाशरेषा रुंदावताना पाहिल्या, लोरेंट्झनं त्यावरून हिशेब केला, गुणोत्तर जवळपास तेच. १८९९ मध्ये थॉमसननं जस्तावर अतिनील किरण पाडून निघणारे कण मोजले, गुणोत्तर तेच. तापलेल्या तारेतून निघणारे कण मोजले, तेच. नळी नाही, कॅथोड किरण नाहीत, तरी कण तोच. एवढे सगळे योगायोग एकदम घडत नाहीत.

आणि हो, गोष्ट तिथं संपली नाही. थॉमसनला १९०६ चं नोबेल मिळालं. त्याच्या मुलानं, जॉर्ज थॉमसननं, दाखवलं की इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो, आणि १९३७ चं नोबेल त्यालाही विभागून मिळालं. बापाचा कण खोटा ठरला नाही, तो आणखी खोल कळला. पुरावा आला की समज बदलायची तयारी ठेवणं म्हणजेच विज्ञान.

तेव्हा कराडच्या ताई, इलेक्ट्रॉन 'मानू' नकोस. तो तपासून घे. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत गेलीस की सरांना विचार, कॅथोड किरण नळी आहे का. असली तर चुंबक घेऊन जा. ठिपका हलताना बघ, आणि तो कुठल्या बाजूला हलेल ते आधी कागदावर लिहून ठेव.

पुढच्या भागात मिलिकनचे तेलाचे थेंब : इलेक्ट्रॉनचा भार नेमका किती, ते त्यानं कसं मोजलं. प्रश्न पाठवत राहा. भेटू.